फ्रेटलेस बेस: आधी तार ठरवा, मग गिटार

फ्रेटलेस बेस, म्हणजे नेकवर धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) नसलेली बेस गिटार, घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न लाकडाचा असतो. बॉडी ॲल्डरची की ॲशची, नेक (लांब दांडी) मेपलची आहे ना, वगैरे. दुसरा प्रश्न ब्रँडचा. तारांचा विषय निघतो तो पैसे देऊन, गिटार घरी आणून, मनासारखा आवाज येईना म्हणून चिडचिड झाल्यावर. या खेपेला मी क्रम मुद्दाम उलटा ठेवला. आधी नाद ठरवला, मग तो देणारी तार, मग ती तार सोसणारा फिंगरबोर्ड (नेकवरची बोटांखालची पट्टी), मग पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारा भाग). बॉडीचं लाकूड सगळ्यात शेवटी पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तेही वजन पाहण्यापुरतंच.

फ्रेटलेसची सगळी जादू ज्या ‘म्वाऽह’मध्ये आहे तो येतो कुठून, हे कळलं की निवड निम्मी झाली. साध्या बेसवर तार फ्रेटच्या धातूच्या माथ्यावर टेकते आणि पुढे मोकळी कंप पावते. फ्रेटलेसवर बोट तारेला थेट फिंगरबोर्डवर दाबतं. बोटाच्या पुढचे काही सेंटिमीटर तार फिंगरबोर्डच्या इतक्या जवळून जाते की कंप पावताना त्याला हलकेच शिवते. त्या शिवण्यातून वरचे हार्मोनिक (मूळ सुरासोबत निघणारे उंच उपसूर) जागे होतात, आणि सूर लागल्यावर किंचित उशिरा फुलतात. तंबोऱ्याची जवारी ऐकलेल्या कानाला यात नवीन काही नाही. तिथे घोडीचा बाकदार माथा जे काम करतो ते इथे फिंगरबोर्ड करतो. मिरजेचा कारागीर मात्र घोडीच्या दोन बोटं रुंदीवर जवारी काढतो. इथे ती साधारण साठ सेंटिमीटर लांबीवर, प्रत्येक सुराखाली सारखी निघावी लागते. म्हणून फ्रेटलेस विकत घेणं म्हणजे मुख्यतः फिंगरबोर्डची सपाटी विकत घेणं.

नाद ठरवताना मी तंबोऱ्याचेच शब्द वापरले, कारण दुकानात ‘वॉर्म’ आणि ‘वुडी’ हे शब्द प्रत्येक जण वेगळ्या अर्थाने वापरतो. खुली जवारी म्हणजे नाकातून गाणारा, धातूची किनार असलेला, लांबणारा सूर. बेसवादक जॅको पास्टोरियसचा आवाज हा याचा नमुना: १९६२चा फ्रेट काढलेला फेंडर जॅझ बेस, फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर, रोटोसाउंडच्या राउंडवाउंड तारा, आणि जोर ब्रिजजवळच्या (बॉडीवरच्या घोडीजवळच्या) पिकअपवर. बंद जवारी म्हणजे उभ्या डबल बेसकडे झुकणारा नाद. ठोका मोठा, शेपूट छोटी, गुणगुण जवळजवळ नाही. मधे अर्धी उघडी जवारी: ठोका मऊ, पण मींड घेतली की सूर उमलतो. दुसरा बेसवादक पिनो पॅलॅडिनो याने १९८०च्या दशकात फ्रेटलेस म्युझिक मॅन स्टिंगरे आणि ऑक्टेव्ह पेडल यांवर जे गाणारं वाजवलं ते खुल्या जवारीच्या अंगाने जातं, पण जॅकोपेक्षा गोल आहे. मला हवी होती मधली: भावगीत-गझलेच्या साथीत गायकाच्या मागे राहणारी, अंतऱ्याच्या शेवटी वर सरकली की ऐकू येणारी.

आता तारा. राउंडवाउंड तारेवर गोल तारेचं वेटोळं असतं, म्हणून किनार आणि हार्मोनिक भरपूर. खुली जवारी हिचीच. पण तेच वेटोळं फिंगरबोर्डवर कानशीसारखं चालतं. व्हायब्रेटो घेताना तार लाकडावर घासते आणि खाचा पडतात. स्टेनलेस स्टीलने लवकर, निकेलने जरा उशिरा. फ्लॅटवाउंडवर सपाट पट्टीचं वेटोळं, त्यामुळे बोट सरकताना आवाज नाही, खाचा जवळजवळ नाहीत, वरचे हार्मोनिक कमी. मात्र सगळ्या फ्लॅटवाउंड एकसारख्या नाहीत, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. डॅडॅरिओ क्रोम्सचा ४५-१०० संच (आकडे बारीक ते जाड तारेच्या जाडीचे, हजारांश इंचात) नवा असताना चांगलाच चमकदार वाजतो. ला बेलाचा ४३-१०४ संच ताठ आणि गडद आहे, ठोक्यासाठी उत्तम, मींडेसाठी बोटं दमवणारा. थॉमास्टिकच्या जॅझ फ्लॅट्स ४३-५६-७०-१०० या मापाच्या, बऱ्याच सैल ताणाच्या. फ्लॅटवाउंड असूनही त्या गुणगुणतात, कारण सैल तार जास्त रुंद झुलते आणि फिंगरबोर्डला शिवते. ग्राउंडवाउंड किंवा हाफराउंड म्हणजे राउंडवाउंड घासून अर्धी सपाट केलेली तार, दोन्हींच्या मधली. नायलॉनचं वेष्टण असलेली टेपवाउंड बंद जवारीसाठी, डबल बेसची सगळ्यात जवळची नातेवाईक.

टेपवाउंडबाबत एक व्यवहाराची गोष्ट. तिची जाडी जास्त असते. काही संचांत सर्वांत बारीक तार ५० ते ६० हजारांश इंचाची असते, तर नटची (नेकच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिची) खाच ४५च्या हिशेबाने कापलेली. तार खाचेत बसत नाही, वर तरंगते आणि पहिल्या घरातले सूर चढतात. खाच रुंद करून घ्यायचा खर्च आधीच धरावा.

मी तारांचा विचार थॉमास्टिक किंवा हाफराउंड इथवर आणून थांबवला. तार फ्लॅट असेल तर फिंगरबोर्ड थोडा मऊ असला तरी चालतो. राउंडवाउंडच लावायची असेल तर फिंगरबोर्ड एबनी, फिनॉलिकसारखं कृत्रिम द्रव्य, नाही तर इपॉक्सीचा थर दिलेला असलाच पाहिजे. साध्या शिसवीवर स्टीलच्या राउंडवाउंड लावणं म्हणजे दर एक-दोन वर्षांनी फिंगरबोर्ड घासून घ्यायची तयारी ठेवणं. कठीण पृष्ठभागावर तारेची ऊर्जा कमी मुरते, सूर लांबतो आणि जवारी उघडते. सतार-सरोद दोन्ही ऐकणाऱ्याला हे पटेल: सरोदच्या पोलादी पट्टीवर नखाने दाबलेला सूर इतका लांब आणि स्वच्छ सरकतो तो पट्टी कठीण म्हणूनच.

लाकडाच्या नावांबद्दल थोडं. फिंगरबोर्डवर ज्याला रोझवुड म्हणतात ते बहुतेक वेळा आपल्या सह्याद्रीतही वाढणारं शिसव असतं. २०१७च्या सुरुवातीला या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांची बंधनं आली तेव्हा अनेक कंपन्या पाउ फेरो आणि इंडियन लॉरेलकडे वळल्या. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. ऐनाचं लाकूड वाईट नाही, पण त्याचे रेषे मोकळे असतात. फ्रेटलेससाठी घेताना फिंगरबोर्डवर नख फिरवून पाहावं, रवाळ लागला तर त्यावर राउंडवाउंड नको.

दुकानात जाताना पिशवीत ४५ सेंटिमीटरची सरळ पोलादी पट्टी, छोटी टॉर्च, ॲलन कीचा संच, क्लिपवाला ट्यूनर, स्वतःची केबल, दोन साधे ए-फोर कागद आणि एक व्हिजिटिंग कार्ड एवढं नेलं. साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, कार्ड साधारण ०.३. फीलर गेज असेल तर उत्तमच, पण नसल्याने काही अडत नाही.

पहिली तपासणी ॲम्प न लावता. गिटार सुरात आणून चौथी (सर्वांत जाड) तार नटजवळ आणि नेक बॉडीला मिळते तिथे, अशी दोन ठिकाणी दाबायची. तार स्वतःच सरळ पट्टी होते. मधोमध, सातव्या स्थानाजवळ (साध्या बेसवर सातवा फ्रेट असतो तिथे), तिच्याखाली किती फट आहे ते कागदाने पाहायचं. एक कागद सहज जातो, दोन घट्ट जातात, म्हणजे ०.१ ते ०.२ मिलिमीटर, हा फ्रेटलेसचा रिलीफ, म्हणजे नेकचा किंचित बाक. फ्रेटवाल्या बेसला याच्या दुप्पटही चालतो, इथे नाही. मधे खोलगट नेक असेल तर खालच्या घरांत जवारी निघते, पाच ते नऊच्या पट्ट्यात बंद होते, वर तार पुन्हा खडखडते. हा दोष ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या, फिरवून बाक बदलणाऱ्या पोलादी कांबीने, सुटतो. रॉडला एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त द्यायचं नाही, आणि दुकानदाराला विचारूनच.

न सुटणारा दोष वेगळा. पट्टी फिंगरबोर्डवर उभी ठेवून मागून टॉर्च मारली की नेक बॉडीला मिळते तिथे, पंधराव्या स्थानापासून पुढे, पुष्कळदा उंचवटा दिसतो. नेकचं ते टोक ट्रस रॉडच्या ताब्यात नसतं, म्हणून रॉड कितीही फिरवा, उंचवटा तिथेच राहतो. परिणाम असा की बाराव्याच्या आसपासचे सूर त्या उंचवट्याला धडकतात आणि गुणगुणण्याऐवजी घुसमटतात. उपाय एकच, फिंगरबोर्ड घासून पुन्हा सपाट करणं, आणि ते काम चांगल्या लुथियरचं, म्हणजे गिटारच्या कारागिराचं. किंमत कितीही उतरली तरी असा बेस मी बाजूला ठेवला. दोन तर दिसायला अतिशय देखणे होते.

मग नट. फ्रेटलेसवर नटपाशी तार फिंगरबोर्डला जवळजवळ टेकलेली हवी; चौथ्या तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. फ्रेट काढून फ्रेटलेस केलेल्या सेकंडहँड बेसवर नट तसाच उंच, फ्रेटच्या हिशेबाने, एक मिलिमीटरभर वर सोडलेला सापडतो. मग पहिल्या-दुसऱ्या घरातला सूर दाबताच चढतो, बोटाला जोर लागतो, आणि घेणारा समजतो की आपला कानच कच्चा.

त्यानंतर प्रत्येक तारेवर पहिल्या स्थानापासून पंधराव्यापर्यंत, अर्ध्या-अर्ध्या सुराने, प्रत्येक सूर चार सेकंद धरून वाजवायचा. कंटाळवाणं काम आहे, पण गिटारची सगळी लबाडी याच फेरीत उघडी पडते. कान बॉडीच्या वरच्या शिंगाला लावला की गोंगाटातही ऐकू येतं. ऐकायचं एवढंच: जवारी सगळीकडे सारखी फुलते का, आणि कुठला सूर अचानक मरतो का. पहिल्या तारेवर पाचव्या ते सातव्या स्थानाच्या आसपास मेलेली जागा बऱ्याच बोल्ट लावलेल्या नेकमध्ये असते. फ्रेटलेसवर ती जास्त टोचते, कारण सूर आधीच लवकर विझतो. ती नेमकी आपल्या नेहमीच्या गाण्यांच्या सुरावर येत असेल तर तो बेस आपला नाही.

अडचण एवढीच की दुकानातल्या बेसवर फॅक्टरीच्या राउंडवाउंड तारा असतात आणि आपल्याला हवी असते फ्लॅट. तारा बदलून कोणी देत नाही. मग टोनचा नॉब अर्ध्यावर आणला की वरची किनार जाते आणि फ्लॅटवाउंडचा अंदाज येतो. टेपवाउंडचा अंदाज हवा असेल तर ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा खोचायचा. ॲम्पवर सगळे नॉब मधोमध, कोरस (आवाज दुहेरी, पसरट करणारा इफेक्ट) आणि रिव्हर्ब बंद. कोरस लावून वाजवायला देणाऱ्या दुकानदाराचा हेतू चांगला असेलही, पण कोरसमध्ये बेसूरपण आणि मेलेली जागा दोन्ही लपतात. जवारी ज्या पट्ट्यात राहते तो साधारण ५०० ते ८०० हर्ट्झचा. तिथे मिड थोडा वाढवून पाहावा. वाढवल्यावर गोड वाटलं तर नाद आहे, नुसतंच कर्कश झालं तर नाही.

ॲक्शनही इथेच पाहायची. बाराव्या स्थानावर फिंगरबोर्डपासून तारेच्या तळापर्यंत चौथ्या तारेला २ मिलिमीटर आणि पहिलीला १.५ हे मधलं माप. खुल्या जवारीसाठी १.५ आणि १.२ पर्यंत खाली जाता येतं, फिंगरबोर्ड खरोखर सपाट असेल तर. डबल बेससारखा ठोका हवा असेल तर २.५ ते ३ ठेवावी, म्हणजे तार फिंगरबोर्डला शिवतच नाही. दुकानात ॲक्शन साडेतीन असेल आणि ‘या बेसला म्वाह नाही’ असं कोणी म्हणत असेल, तर दोष बेसचा नसून सॅडलच्या (ब्रिजवरच्या, तारेला आधार देणाऱ्या तुकड्याच्या) स्क्रूचा आहे.

पिकअपचा विषय तसा छोटा, पण जागेचा हिशेब महत्त्वाचा. ब्रिजजवळच्या पिकअपला वरचे हार्मोनिक जास्त सापडतात, नेककडच्याला मूळ सूर. जॅझ बेसला दोन सिंगल कॉइल असतात. मागचा एकटा ठेवला की नाकातला, गाणारा आवाज. पण एकटा सिंगल कॉइल ५० हर्ट्झची घरघर उचलतो, आणि आपल्याकडच्या जुन्या इमारती-सभागृहांतलं अर्थिंग पाहता ती घरघर मैफिलीत नक्की भेटते. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की ती जवळजवळ जाते. मागचा पूर्ण आणि पुढचा सातावर ठेवला तर थोडी उरते, पण हवा तो नाद मिळतो. ज्यांना मागचाच एकटा लागतो त्यांनी हम न उचलणारे दुहेरी कॉइलचे पिकअप बसवून घ्यावेत. फेंडर प्रिसिजन बेसचा दुभागलेला पिकअप ठोक्याला भरघोस, गाण्याला कमी. स्टिंगरेसारखा मोठा हमबकर (दुहेरी कॉइलचा पिकअप) त्याच्या ॲक्टिव्ह प्रीॲम्पसह मिडमध्ये जोरकस. ब्रिजमधला पीझो (तारेच्या दाबातून वीज काढणारा पिकअप) डबल बेसच्या नादासाठी, टेपवाउंडबरोबर खुलतो. पण त्याला एक मेगोहम किंवा जास्त इनपुट लागतं. थेट साध्या मिक्सरमध्ये घातला की पातळ, टिणटिणीत वाजतो आणि शिव्या पिकअपला बसतात.

फ्रेटच्या जागी आखलेल्या रेघा हव्यात की कोरा फिंगरबोर्ड, यावर मानापमान होतात. ३४ इंच स्केलवर, म्हणजे ८६४ मिलिमीटरवर, हिशेब असा: नटजवळ बोट अर्धा मिलिमीटर सरकलं की सूर एका सेंटने (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाने) बदलतो, बाराव्या स्थानावर त्यासाठी पाव मिलिमीटर पुरतो. पाच मिलिमीटरची चूक खाली दहा सेंट, वर वीस. वीस सेंट कोणालाही ऐकू येतात. ज्याला हार्मोनियमसोबत वाजवायचं आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूला न हलणारा सूर आहे, त्याने रेघा घ्याव्यात आणि लाजू नये. फ्रेटवाल्या बेसवर बोट फ्रेटच्या मागे असतं. इथे बोटाचा मध्य थेट रेघेवर हवा. सवयीने मागे पडलं की सगळंच वाजवणं उतरलेलं ऐकू येतं.

कोऱ्या फिंगरबोर्डला कडेला ठिपके असतात, आणि ते कुठे आहेत हे घेण्याआधी तपासायलाच हवं. काही बनवणारे ठिपका सुराच्या नेमक्या जागी देतात, काही फ्रेटवाल्या बेसप्रमाणे दोन जागांच्या मधे. तपासणी सोपी: बाराव्या स्थानावर तार न दाबता नुसती शिवून काढलेला हार्मोनिक जिथे सर्वांत स्वच्छ निघतो तिथे ठिपका आहे की त्याच्या मागे, ते पाहायचं. घरी एक आणि भाड्याचा एक अशा दोन वेगळ्या पद्धतीच्या बेसवर आलटूनपालटून वाजवणाऱ्याचे हाल बघवत नाहीत.

फ्रेट काढून घरीच फ्रेटलेस करायचा मोह स्वस्त बेसवर होतो. फ्रेट सोल्डरिंग गनने तापवून, सपाट घासलेल्या पकडीने हळू उपटायचे, म्हणजे लाकडाच्या ढलप्या कमी निघतात. खाचा रिकाम्या सोडायच्या नाहीत, कारण फ्रेटच्या पाचरी गेल्या की नेक पुढे वाकते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची मेपलची पट्टी डिंक लावून बसवायची. मग फिंगरबोर्डच्या गोलाईच्या ठोकळ्यावर १२०, २२०, ३२०, ४०० असे पॉलिशपेपर. तारा खाली आणताना सॅडल तळाला टेकले तर नेकच्या खोबणीत पातळ चकती घालून कोन बदलायचा. वर इपॉक्सी द्यायचा असेल तर कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात मुळीच नाही. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते, पुढचा थर नीट चिकटत नाही. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा बरी.

शेवटी घेतला तो जॅझ पद्धतीचा, दोन पिकअपचा, एबनीच्या फिंगरबोर्डचा, रेघा असलेला. बॉडी कशाची आहे ते बिलावरून कळलं. त्यावर आधी हाफराउंड लावून पाहिल्या: ठोका छान, पण मींडेत बोटाखाली बारीक खरखर. मग थॉमास्टिक. सैल ताणामुळे नेक मागे गेली, रिलीफ शून्यावर आला, खालची दोन घरं खडखडू लागली. ट्रस रॉड पाव फेरा सैल केला, एक रात्र तसंच ठेवलं, सकाळी पुन्हा कागद घालून पाहिला. नंतर ॲक्शन २ आणि १.६, आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन: बाराव्या स्थानावरचा हार्मोनिक आणि रेघेवर दाबलेला सूर ट्यूनरवर एकसारखे येईपर्यंत सॅडल मागेपुढे. हा क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं. जूनमध्ये हवा दमट झाली की नेक हलेल, तेव्हा कागद पुन्हा काढायचा आहे.